चिंच-राखेने घासलेला तवा

१९९५ सालच्या जानेवारीत, पोंगलनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर माझ्या आत्याने तंजावूरमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक खोलगट लोखंडी तवा चिंच आणि राख लावून घासला. तवा स्वच्छ निघाला. त्या तव्यात माझ्या थोरल्या बहिणीला सॉस करायचा होता, आणि सॉस ज्या खरवडीपासून व्हायचा ती खरवड विहिरीजवळच्या पन्हळातून वाहून गेली होती. पुढच्या खोलीत एका हॉटेलचे मुख्य स्वयंपाकी जेवणाची वाट पाहत बसले होते. ताटातले त्यांना पसंत पडले तर बहिणीला त्यांच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळणार होती. नाही तर नाही.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. त्या वेळी ती मुलींच्या एका शाळेत गृहविज्ञान शिकवत होती. शाळेत गॅस नव्हता आणि मुख्याध्यापिकांना आगीची धास्ती होती, त्यामुळे सगळा विषय फळ्यावर चाले. तीन वर्षांत तिने सूप, कटलेट, कस्टर्ड आणि दोन प्रकारचे केक खडूने शिकवले. एकदाही काडी ओढली नाही. मुली चांगल्या गुणांनी पास होत. आपल्या हाताला वास येतो तो खडूचा, असे ती घरी म्हणे. ती हे चेष्टेने म्हणते, असे आम्ही धरून चाललो होतो.

मी एका इंग्रजी दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. कालव्याला पाणी कधी सुटणार, भात किती आला, कोणता मंत्री कुठे थांबला, हे माझे काम. नोव्हेंबरात तिरुच्चीच्या रस्त्यावर एक नवे हॉटेल उघडले. त्या दोन-तीन वर्षांत गावात अशा गोष्टी होऊ लागल्या होत्या. आमच्या गल्लीत केबलची तार आली होती. जुन्या बसस्टँडजवळ ब्रॉयलर कोंबड्यांचे दुकान निघाले होते. मोठे देऊळ पाहायला येणारे परदेशी लोक दुपारच्या गाडीने परत न जाता मुक्कामाला राहू लागले होते. हॉटेलची बातमी तीन परिच्छेदांची होती आणि तिच्यासाठी मी तिथल्या मुख्य स्वयंपाक्यांना भेटलो. हॉटेलात त्यांना सगळे शेफ म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणतो. ते पन्नाशीचे होते, पापनाशमजवळच्या एका खेड्यातले. जहाजांवर स्वयंपाक करण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती.

परदेशी पाहुण्यांचे जेवण करायला त्यांनी मद्रासहून दोन माणसे आणली होती. दोघेही महिन्याच्या आत निघून गेले. कारण विचारले तेव्हा शेफ म्हणाले की संध्याकाळी सातनंतर या गावात करायचे काय, असा त्या दोघांचा प्रश्न होता. हे मी बातमीत घातले नाही. घरी जेवताना सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अक्का बस पकडून हॉटेलच्या मागच्या दाराशी गेली आणि शेफना भेटली. मला हे दोन दिवसांनी कळले.

शेफनी तिचे प्रमाणपत्र उघडून पाहिले नाही. त्यांनी एक पदार्थ सांगितला. कोंबडीचे तुकडे कातडीसकट तव्यावर भाजायचे आणि बाहेर काढायचे. त्याच तव्यात भाज्या परतायच्या आणि बाहेर काढायच्या. मग तळाशी जी तपकिरी खरवड धरलेली असते ती थोड्या पाण्याने सोडवायची, आटवायची, लोणी घालायचे आणि तो सॉस वरून ओतायचा. मसाला नाही. तवा एकच. आणि तव्याला दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको, कारण मद्रासच्या दोघांपैकी एकाने परीक्षेच्या दिवशी भावाकडून सॉस करून घेतला होता, हे त्यांना नंतर समजले होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात दहा हात असतात, म्हणून ते आमच्या घरी येऊन जेवणार होते. फक्त मार्गळी संपल्यावर. मार्गळीत, म्हणजे पोंगलच्या आधीच्या महिन्यात, ते मांस रांधत पण तोंडात घालत नसत.

आमच्या घरातही मार्गळी पाळली जाई. एरवी आम्ही मांस खाणारे लोक. आमचे पूर्वज मराठा राजांच्या फौजेबरोबर वरून, म्हणजे महाराष्ट्रातून, आले, असे घरात सांगतात. त्याचा कागद मी पाहिलेला नाही. मांसाचे नियम मात्र पक्के होते आणि ते आत्याच्या हातात होते. ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तीच चालवत होती. कोंबडी असो की मासळी, ती मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखालच्या वेगळ्या चुलीवर शिजायची. भांडी वेगळी. देवाचे फडताळ आणि आतले स्वयंपाकघर यांची भिंत एक होती, म्हणून मांसाचे भांडे चुलीवरून उतरले की कोणी जेवायला बसण्याआधी ते चिंच-राखेने घासून विहिरीच्या कट्ट्यावर पालथे घालायचे. आत्या हे इतकी वर्षे करत होती की हात आपोआप चाले. हा नियम मांसाच्या भांड्यापुरता होता. भाजीचे भांडे दुपारपर्यंत तसेच राहिले तरी कोणी काही म्हणत नसे.

पहिली अडचण तव्याची आली. घरातला लोखंडी तवा डोशांचा होता आणि डोशांच्या तव्याला मांस लागणे शक्य नव्हते. अंगणातली मातीची आणि कल्हईची भांडी भाजायच्या कामाची नव्हती. अक्काने कीळवासलच्या लोखंडी भांड्यांच्या दुकानातून नवा खोलगट तवा आणला. नवा तवा लगेच वापरत नाहीत. सात दिवस तो भाताच्या पेजेत बुडवून ठेवला, रोज पेज बदलली, मग तिळाचे तेल चोळून त्यात कांदा परतून टाकून दिला. आठव्या दिवशी तवा काळा, तुकतुकीत झाला आणि अंडे घातले तर सरकू लागले.

दुसरी अडचण सरावाची. मार्गळीत कोंबडी नाही, आणि मार्गळीनंतर लगेच परीक्षा. अक्काने सुरण घेतला. कोंबडीच्या मांडीएवढे जाड काप काढायचे, तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे, मग भाज्या, मग खरवड, मग सॉस. सुरण तव्याला चांगला धरतो आणि खरवडही बरी सोडतो. त्या महिन्यात हा सराव सहा वेळा झाला. तिसऱ्या वेळेनंतर आप्पांनी विचारले की तू हॉटेलात लागणार आहेस की आम्ही दवाखान्यात. पाचव्या वेळी त्यांनी घसा खाजवत सांगितले की सॉस उत्तम आहे, तो आता भातावर द्यावा. आत्या सहाही वेळा चुलीजवळ पाटावर बसून सगळे पाहत होती. तवा सहाही वेळा अक्कानेच धुतला, तोही जेवणे झाल्यावर. कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. सुरण मांस नव्हे.

आप्पांचा नोकरीला विरोध होता. ते कालव्याचे पाणी वाटणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि वाद न घालता अर्ज अडकवून ठेवण्याची कला त्यांना अवगत होती. मुलगी शाळेत शिकवते हे सांगता येते, हॉटेलात रांधते हे कसे सांगायचे, एवढेच ते एकदा म्हणाले. अक्काने विचारले की सांगायचे कोणाला आहे. त्यावर ते वर्तमानपत्र वाचू लागले. शेवटी, तो माणूस येऊन जेवून हो म्हणाला तर बघू, असे ठरले. जहाजावरचा माणूस एका ताटासाठी राजवाड्यामागच्या गल्लीत कशाला येतो, असा त्यांचा हिशेब होता.

शेफ रविवारी साडेअकराला मोपेडवरून आले. बरोबर केळ्यांची फणी होती. ती त्यांनी आत्याच्या हातात दिली, मागे जाऊन कच्ची कोंबडी आणि तवा एकदा पाहिला, चुलीतला विस्तव पाहिला आणि पुढच्या खोलीत आप्पांसमोर जाऊन बसले. त्यांच्याशी झालेले सगळे बोलणे तमिळमध्ये झाले. आमच्या घरातली मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ सुराची; ती कागदावर उतरवताना मी थोडी सरळ केली आहे.

कोंबडी ब्रॉयलर होती. गावठी कोंबडी तव्यावर तासभर भाजली तरी दाद देत नाही. कातडी काढू नका, हे दुकानदाराला तीनदा सांगावे लागले होते, तरी एका मांडीची त्याने सवयीने काढलीच. आत्याला ही कोंबडीच मान्य नव्हती. "हिनं जन्मात जमिनीवर पाऊल टाकलं नाही," ती म्हणाली. "हिला चव कुठून येणार?" मग ती हळदीची वाटी घेऊन आली. अक्काने वाटी काढून घेतली. थोड्या वेळाने आत्या मिरपूड आणि लसूण घेऊन आली. अक्काने तेही काढून घेतले आणि तिला सांगितले की मान, पंख आणि पाठीचे तुकडे घरच्या रश्शासाठी त्या परातीत ठेवलेत, त्यांना काय लावायचे ते लाव, या तुकड्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आत्याने परातीतल्या तुकड्यांना हळद-मीठ चोळले. सकाळभर अक्काचे सगळे लक्ष कोंबडीला आत्यापासून वाचवण्यात होते. तव्याचा विचार तिच्या मनात आला नाही.

बारा वाजता तुकडे तव्यात पडले. कातडीची बाजू खाली. अक्काने ते हलवले नाहीत. शेफनी सांगितले होते की तुकडा स्वतःहून सुटेपर्यंत तो सोडवायचा नाही. सुटले तेव्हा उलटले. मग झाकण, मग विस्तव मागे ओढून दहा मिनिटे. तुकडे पितळी ताटात काढून झाकून ठेवले. तव्यात बारके कांदे, अर्धवट उकडलेले बटाटे, गाजर आणि बीन्स पडले. गाजर-बीन्सना आमच्याकडे अजून इंग्रजी भाज्या म्हणत आणि त्या कोडाईकनालच्या डोंगरावरून येत. भाज्यांच्या कडा तपकिरी झाल्यावर त्याही ताटात गेल्या. तवा विस्तवावरून उतरवून चुलीच्या कडेला ठेवला. आता लोणी हवे होते. लोणी शेजारच्या घरी होते, कारण गल्लीतला एकमेव फ्रिज त्यांच्याकडे होता. अक्का लोणी आणायला गेली.

मी त्या वेळी पुढच्या खोलीत होतो. यापुढचे वर्णन अक्का आणि आत्या या दोघींच्या सांगण्यावरून आहे आणि ते दोन मुद्द्यांवर जुळत नाही. अक्का म्हणते, ती चार मिनिटांत परत आली. आत्या म्हणते, शेजारीण बोलत उभी राहिली आणि दहा मिनिटे सहज गेली. दुसरा मुद्दा पुढे येईल; बाकी सगळ्यावर दोघींचे एकमत आहे. अक्का लोण्याची वाटी घेऊन अंगणात आली तेव्हा चुलीच्या कडेला तवा नव्हता.

"आत्या, तवा कुठं?"

"पालथा घातलाय. वाळतोय."

अक्का विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेली. तव्याचे पोट पांढुरके झाले होते. चिंचेने खरवड तर गेलीच होती, सात दिवसांच्या पेजेने आणि तेलाने चढलेला काळा थरही गेला होता. आत्या हात पुसत म्हणाली की जळकं फार धरलं होतं, बोटं दुखली.

"तेच पाहिजे होतं मज."

"जळकं पाहिजे होतं?"

"महिनाभर समोर बसून काय बघितलंस तू?"

"सुरण," आत्या म्हणाली.

अक्का कट्ट्यावर बसली. तिने लोण्याची वाटी मांडीवर धरली होती. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती रडली नाही. अक्काच्या म्हणण्याप्रमाणे ती थोडी रडली. मग तिने मला हाक मारली.

मी मागे गेलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. अक्काने मला दोन वाक्यांत झालेले सांगितले. घरात मैदा होता, टोमॅटो होते, मिरी होती. त्यांतून काहीतरी दाटसर करून ओतता आले असते आणि शेफना ते कळलेही असते. ती परातीकडे पाहत होती. परातीत मान, पंख आणि पाठीचे तुकडे होते, कातडीसकट. तिने मला विचारले की शेफना वीस मिनिटे थोपवता येईल का. मी म्हणालो की आप्पांना विचारतो. ती म्हणाली, आप्पांना नको विचारू. मी म्हणालो, दुसरे कोण आहे.

मी आप्पांना बोळात बोलावले आणि सांगितले. त्यांना ही नोकरी नको होती. तवा धुतला गेला हे खोलीत जाऊन सांगितले असते तर विषय तिथेच संपला असता, आणि नकार त्यांचा ठरला नसता, झालेल्या गोष्टीचा ठरला असता.

"किती वेळ?" त्यांनी विचारले.

"वीस मिनिटं."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि परत आत गेले. शेफसमोर बसून त्यांनी विचारले की तुमचे गाव पापनाशमजवळ म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाला की शेवटच्या. शेफ म्हणाले, शेवटच्या, आणि पाणी कधी वेळेवर मिळाले नाही. आप्पा म्हणाले की त्या भागाचे पाणी काही वर्षे त्यांच्याच हाताखाली सुटत होते. शेफ खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या वडिलांनी पाण्यासाठी सरकारी कचेरीत किती खेपा घातल्या हे ते सांगू लागले. आप्पांनी त्यांना अडवले नाही. वरच्या गावाचे लोक कालव्याच्या दाराच्या फळ्या काढून नेत, असे शेफ म्हणाले. आप्पा म्हणाले की त्या फळ्या त्यांनी स्वतः दोनदा बदलल्या होत्या. शेफ म्हणाले की मग एकदा कमी बदलल्या. आप्पांनी ताक मागवले.

मागे अक्काने परातीतले तुकडे विहिरीच्या पाण्याने धुतले. हळद पूर्ण गेली नाही. तिने विस्तव पुढे ओढला, तवा वर ठेवला आणि तेल न घालता आधी पाठीच्या तुकड्यांवरची कातडी सोलून त्यात टाकली. चरबी सुटल्यावर मान आणि पंख टाकले. उघड्या पडलेल्या लोखंडाला ते लगेच चिकटले. पहिल्या वेळी तवा तुकतुकीत होता, तुकडे सरकत होते आणि खरवड पातळ धरली होती. आता तुकडे उलथण्याने खरवडून काढावे लागले आणि त्यांच्याखाली जाड, गडद तपकिरी थर उरला. हे मी स्वतः पाहिले. अक्काने त्यात दोन कांदे बारीक चिरून घातले, मग पाणी, मग तळ खरवडला. पाणी तपकिरी झाले. तिने हाडे काढून टाकली, रस आटवला, पितळी ताटात भाजलेल्या तुकड्यांचा सुटलेला रस त्यात ओतला, शेवटी लोणी आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू शेवटी, कारण लोखंडात आंबट उकळले की सॉसला गंजाची चव येते. हे तिने फळ्यावर शिकवलेले होते.

आत्या पूर्ण वेळ पाटावर बसून होती. तिने दोन्ही हात पदराखाली धरले होते. एकदाच तिने विचारले की विस्तव घालू का, आणि अक्का नको म्हणाली.

एक वाजून पाच मिनिटांनी ताट पुढे गेले. केळीच्या पानावर सॉस वाहून जातो म्हणून स्टीलचे ताट. सोबत बेकरीतला पाव. शेफ चमच्याने सुरुवात करून मग हाताने खाऊ लागले. एक मांडी खाल्ली, भाज्या खाल्ल्या, कातडी नसलेली मांडी बोटाने बाजूला सरकवली. कोंबडी कोमट होती, सॉस गरम होता. त्यांनी पावाच्या तुकड्याने ताटाचा तळ पुसला, तुकडा उजेडाकडे धरला आणि अक्काकडे पाहिले. ती दारात उभी होती.

"मसाला नको म्हणालो होतो," ते म्हणाले. "यात हळद आहे."

अक्काला एक सोपे उत्तर होते. घरच्या म्हाताऱ्या बाईने सवयीने कोंबडीला हळद लावली, एवढे सांगितले असते तर ते पटले असते आणि बऱ्यापैकी खरेही होते. तिने ते सांगितले नाही. तिने तवा कधी उतरवला, ती लोण्यासाठी कुठे गेली, परत आली तेव्हा काय झाले होते आणि मग परातीतून काय उचलले, हे क्रमाने सांगितले. तव्याला दुसऱ्याचा हात लागला होता, हेही सांगितले. माझ्या आठवणीत त्यात काही गाळलेले किंवा वाढवलेले नव्हते.

शेफनी तवा मागितला. अक्काने तो आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी नखाने तळ खरवडून पाहिला.

"ही दुसरी खरवड?"

"हो, सर. पहिली गेली."

"घासला कोणी?"

"मी," आत्या अक्काच्या मागून तमिळमध्ये म्हणाली. "कोंबडीचं भांडं तसं ठेवून आमच्याकडं जेवायला बसत नाहीत."

शेफनी तवा उजेडात फिरवला आणि विचारले की किती वेळ लागला घासायला. अक्का चार मिनिटे म्हणाली. आत्या म्हणाली, त्याहून कमी.

"सात दिवसांचं काम तुम्ही चार मिनिटांत काढलंत, अम्मा," शेफ म्हणाले. "माझ्याकडं दोघं आहेत भांड्यांना. त्यांना दिवसभरात हे जमत नाही."

आत्याने मला मराठीत सांगितले की त्यांना सांग, या वयात मी हॉटेलात भांडी घासायला जायची नाही. मी तोंड उघडण्याआधी अक्काने ते तमिळमध्ये सांगितले. शेफ हसले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले.

मग त्यांनी अक्काला विचारले की घरात मैदा नव्हता का. होता, ती म्हणाली. टोमॅटो? तेही होते. मग ते का नाही घेतले, असे त्यांनी विचारले. अक्का म्हणाली की ते तव्यातलं झालं नसतं. शेफनी मान हलवली नाही. त्यांनी तवा खाली ठेवला, हात धुऊन आले, आणि उभ्याउभ्याच सांगितले की सुरुवातीचे तीन महिने फक्त सकाळच्या अंड्यांवर काम करावे लागेल, कोंबडीला हात लावायचा नाही, आणि स्वतःचा तवा कोणाला धुवायला द्यायचा नाही.

"पुढच्या सोमवारी. सात वाजता. मागच्या दारानं."

अक्काने होकार देण्याआधी आप्पांकडे पाहिले. आप्पा ताकाचा पेला हातात धरून बसले होते. त्यांनी शेफना विचारले, "सोडणार किती वाजता?"

"चारला."

"मग सव्वाचारची बस आहे," आप्पा म्हणाले.

शेफ निघताना आप्पांना सांगून गेले की फळ्यांचा विषय अजून संपलेला नाही. मोपेड दोन लाथांत सुरू झाली नाही, तिसऱ्या लाथेत झाली. आम्ही दीड वाजून गेल्यावर जेवायला बसलो. रश्शाचे तुकडे तव्यात भाजून संपले होते, म्हणून उरलेले भाजलेले तुकडे आणि सॉस भातावर घेतला. आत्याने दोन घास खाऊन सांगितले की मिरपूड पाहिजे होती. मग ती उठली, तव्याजवळ गेली आणि तिथूनच विचारले, "आतां घासू कां?" अक्का म्हणाली की जरा थांब, मी करते. आत्या परत येऊन बसली.

सोमवारी अक्काने शाळेत राजीनाम्याचे पत्र दिले. मुख्याध्यापिकांनी विचारले की पुढच्या वर्षी फळ्यावर कस्टर्ड कोण शिकवणार. शनिवारी तिला मोकळे केले. त्याच आठवड्यात शुक्रवारी आप्पा बसस्टँडवर जाऊन सकाळच्या बसच्या वेळा एका कागदावर लिहून घेऊन आले आणि कागद देवाच्या फडताळाशेजारी खिळ्याला अडकवला.

पुढच्या सोमवारी सकाळी मी सायकलने तिरुच्चीच्या रस्त्याला गेलो. त्या बाजूला मला काम नव्हते. हॉटेलसमोरच्या चहाच्या दुकानात मी उभा होतो. सहा पन्नासला बस आली आणि अक्का उतरली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती इमारतीला वळसा घालून मागे गेली, दार ठोठावले, कोणीतरी आतून उघडले. सहा पंचावन्नला ती आत गेली.